एकट्याची खोली, सामाईक गाळा की संस्थेतली जागा?

कॉलेज संपलं की चित्रकाराची सगळ्यात आधी जागेशी गाठ पडते. इतकी वर्षं हक्काने वापरलेला हॉल, छपाईची प्रेस, भट्टी, मॉडेल स्टँड हे सगळं निकालाबरोबर सुटतं आणि पाच बाय सहाचा कॅनव्हास वन बीएचकेच्या जिन्यात अडकतो. मग तीन वाटा समोर येतात. एकट्याने खोली घ्यायची. किंवा पाच-सहा जणांनी मिळून गाळा घ्यायचा आणि त्याच्या पुढच्या भागात छोटी गॅलरी काढायची. किंवा एखाद्या संस्थेच्या स्टुडिओत जागा मिळवायची आणि प्रदर्शनापुरतं दालन भाड्याने घ्यायचं.

माझं मत आधीच सांगून टाकते. सामाईक स्टुडिओचा निर्णय मैत्रीवर घेऊ नका, अवजारांवर घ्या. आणि गॅलरीचा निर्णय वेगळा घ्या. 'जागा आहेच, तर पुढे गॅलरीही करू' या वाक्यातून बरीच भांडणं जन्माला येतात.

भाड्याचं गणित

समजा, शहराच्या कडेला हजार चौरस फुटांचा गाळा महिना तीस हजारांना मिळतोय. सहा जणांत प्रत्येकी पाच हजार. त्याच भागात दोनशे फुटांची स्वतंत्र खोली आठ हजारांना. कागदावर सामाईक गाळाच स्वस्त. पण डिपॉझिट, वायरिंग, एक्झॉस्ट पंखे, रॅक, पोटमाळा आणि व्यावसायिक दराचं वीजबिल हे सगळं पाच हजारांच्या वर येतं. शिवाय सहावा माणूस नोकरीसाठी बंगळुरूला गेला की उरलेल्यांचा वाटा त्याच महिन्यात सहा हजार होतो. खोलीचं भाडं तुमच्या एकट्याच्या हातात असतं, गाळ्याचं सहा जणांच्या नशिबात. म्हणून वाटा ठरवताना एक माणूस कमी धरूनच हिशेब करा. पाच जणांत परवडत नसेल तर ती जागा सहा जणांनाही परवडत नाही.

मालकाला करारावर एकच नाव हवं असतं. त्याला ते सोयीचं, तुम्हाला नाही. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर असते. त्यात सगळ्यांची नावं घालून घ्या. ज्याच्या एकट्याच्या नावावर करार असतो तो नकळत घरमालक होऊन बसतो आणि बाकीचे त्याचे भाडेकरू. मग फरशी कुणी पुसायची यावरही त्याचंच चालतं.

तुम्ही काय करता, यावर सगळं आहे

प्रिंटमेकरने, म्हणजे प्लेटवरून कागदावर छापे काढणाऱ्याने, फार विचार करायचं कारण नाही, त्याने सामाईक जागाच शोधावी. एचिंग प्रेस, म्हणजे आम्लाने कोरलेल्या धातूच्या प्लेटवरून छाप काढायची प्रेस, हे काही घरात ठेवायचं यंत्र नव्हे. वजन शेकड्यांनी किलो, खाली भक्कम फरशी हवी, शेजारी अ‍ॅसिडची किंवा फेरिक क्लोराइडची ट्रे, हवा खेळती, कागद भिजवायला टाकी, वाळवायला रॅक. कॉलेजात सुंदर एचिंग करणारी कितीतरी मुलं पुढे पेंटिंगकडे वळतात. आवड बदलली म्हणून नाही, प्रेस सुटली म्हणून. बडोद्याच्या 'छाप'सारख्या सामाईक कार्यशाळेची गरज याच्यातून उभी राहते. प्रेस दिवसातले दोन-चार तासच लागते, उरलेला वेळ ती रिकामी असते, त्यामुळे पाच जणांत एक प्रेस आरामात पुरते.

सिरॅमिकवाल्यांचंही तसंच. स्टोनवेअरसाठी, म्हणजे दगडासारख्या कडक भाजलेल्या भांड्यांसाठी, भट्टी १२०० अंश सेल्सिअसच्या वर न्यावी लागते. मोठ्या विजेच्या भट्टीला थ्री-फेज जोडणी लागते आणि ती रहिवासी सोसायटीत मिळवताना सेक्रेटरीचं तोंड बघण्यासारखं होतं. एकट्याचं काम भट्टीभर साठायला महिना जातो, चौघांचं आठवड्यात भरतं. फक्त भट्टीला स्वतंत्र सब-मीटर बसवा. जलरंगात काम करणाऱ्याने दुसऱ्याच्या भांड्यांवर ग्लेझ, म्हणजे काचेसारखा लेप, चढवायचं बिल का भरावं?

शिल्पकार आणि तैलरंगवाला एका छताखाली ठेवताना मात्र दहादा विचार करा. पीओपीचा साचा घासला की जी पांढरी धूळ उडते ती खाली बसायला बराच वेळ घेते आणि बसते ती नेमकी शेजारच्या ओल्या कॅनव्हासवर. लिनसीडमध्ये (जवसाच्या तेलात) कालवलेला रंग आठवडाभर चिकट राहतो. त्यावर बसलेली भुकटी पुसायला जावं तर रंगही निघतो आणि न पुसावं तर आकाशाला कायमची खरखर येते. प्लास्टिकचा पडदा लावून हे भागत नाही, मधे छतापर्यंत पार्टिशन लागतं. शिल्पकाराला तळमजला हवा, रस्त्यावरून टेम्पो आत यायला हवा, हातोडीच्या आवाजाला कुणी हरकत घेता कामा नये. पुण्यात धायरी-नांदेड फाटा किंवा भोसरीकडचे शेड, कोल्हापुरात उद्यमनगरसारखा भाग यासाठी बरा, कारण तिथे शेजारी लेथ चालू असतो आणि तुमचा आवाज कुणाच्या कानावर येत नाही. पत्र्याखाली एप्रिल-मे कसा काढायचा हा प्रश्न राहतोच. अ‍ॅक्रिलिक तर ब्रशवरच वाळतं.

तैलरंगवाल्यांसाठी एक सूचना, जी खोलीतही लागू आहे आणि गाळ्यात जास्त. लिनसीड पुसलेल्या चिंध्यांचा गोळा कोपऱ्यात टाकू नका. हे तेल सुकताना गरम होतं आणि ढीग असेल तर आपोआप पेट घेऊ शकतं. झाकणाचा पत्र्याचा डबा ठेवा, त्यात पाणी ठेवा. सहा जणांच्या जागेत एकाचा निष्काळजीपणा सहा जणांचं वर्षभराचं काम संपवू शकतो.

जलरंग, ड्रॉइंग, डिजिटल किंवा छोट्या आकाराचं काम करणाऱ्याला गाळ्याची गरज जवळजवळ नसते. उत्तरेकडची खिडकी असलेली खोली मिळाली तर ती घ्या, थेट ऊन फारसं येत नाही आणि दिवसभर उजेड बराचसा एकसारखा राहतो. कोकणात, मुंबईत, गोव्यात राहत असाल तर खोली निवडताना उजेडाइतकीच ओल बघा. पावसाळ्यात कागदावर बुरशीचे तपकिरी ठिपके येतात आणि कॅनव्हास सैल पडतो. पावसाळ्यात भिंत हाताला गार-ओलसर लागली की तिथे पोर्टफोलिओ ठेवायचा नाही.

संस्थेचा आडोसा

दिल्लीतलं ललित कला अकादमीचं गढी केंद्र १९७६ सालापासून चित्र, शिल्प, ग्राफिक आणि सिरॅमिकच्या कार्यशाळा चालवतं. अहमदाबादचं कनोरिया सेंटर फॉर आर्ट्स १९८४ चं, तिथे तरुण कलाकारांना ठरावीक काळासाठी स्टुडिओ मिळतो. मुंबईत माझगावला स्पेस ११८ सारखा खासगी पुढाकार आहे, पणजीत अल्टिन्होवर सुनापरांत हे कलाकेंद्र आहे. अशा ठिकाणी यंत्रं असतात, आजूबाजूला काम करणारी माणसं असतात आणि गळक्या नळासाठी तुम्हाला प्लंबर शोधावा लागत नाही. पहिल्या दोन वर्षांत याहून चांगलं काही नाही.

मात्र प्रवेश निवडीतून होतो, मुदत संपली की सामान उचलायचं, आणि काही ठिकाणी रात्री कुलूप लागतं. दिवसा शाळेत कलाशिक्षक म्हणून नोकरी करणाऱ्याचं खरं काम रात्री नऊनंतरच सुरू होतं. त्याला संध्याकाळी सातला बंद होणारा उत्तम स्टुडिओ काय कामाचा? अर्ज करण्यापूर्वी वेळ विचारा, फी नंतर विचारा.

भुलाभाई आणि चोळमंडल

एकत्र काम करण्याच्या दोन जुन्या गोष्टी शेजारी ठेवून पाहण्यासारख्या आहेत. मुंबईत वॉर्डन रोडवर भुलाभाई देसाईंच्या बंगल्यात त्यांच्या नावाची संस्था उभी राहिली. पन्नाशी-साठीच्या दशकात गायतोंडे, हुसेन यांच्यासारखे चित्रकार तिथे नाममात्र भाड्यात काम करत होते. त्याच आवारात रविशंकर सतार शिकवत होते, नाट्यदिग्दर्शक अल्काझींचं नाटक चालू होतं. पुढे जागाच गेली, आता तिथे बहुमजली इमारत आहे.

चेन्नईजवळ चोळमंडल कलाग्राम १९६६ साली चित्रकार के. सी. एस. पणिकर यांच्या पुढाकाराने सुरू झालं. तिथल्या कलाकारांनी बाटिक (मेण वापरून रंगवलेलं कापड) आणि हस्तकलेच्या वस्तू विकून पैसे उभे केले, जमीन घेतली, घरं बांधली. चित्रावर पोट भरत नव्हतं म्हणून संध्याकाळी बाटिक. ते गाव अजून आहे, गॅलरी आहे, संग्रहालयही आहे.

भुलाभाई संस्थेत जमली तशी माणसं पुन्हा सहज जमणार नाहीत, पण त्यांच्या पायाखालची जमीन त्यांची नव्हती. आपल्यापैकी कुणी आज पुण्या-मुंबईत जमीन घेऊ शकणार नाही हे मान्य. तरी यातून एवढं घेता येतं की, कुणाच्या औदार्यावर मिळालेल्या स्वस्त जागेत भट्टी बांधू नये, फक्त इझल (कॅनव्हास टेकवायची घोडी) ठेवावं. उचलून नेता येईल एवढंच सामान तिथे न्यावं. यंत्र बसवायचं असेल तर किमान तीन वर्षांचा करार आणि मधेच बाहेर काढायला आडकाठी करणारं कलम हवं.

आता गॅलरी

दुकानासारखं दालन उघडून बसण्यात गंमत आहे, पहिले दोन महिने. मग प्रश्न येतो, मंगळवारी दुपारी तिथे बसायचं कुणी? जो बसतो त्याचं काम थांबतं आणि औद्योगिक गाळ्यात रस्त्यावरून सहज कुणी आत शिरत नाही. प्रत्येक प्रदर्शनानंतर खिळ्यांची भोकं पुट्टीने बुजवा, भिंत पुन्हा पांढरी करा, स्पॉटलाइट बदला. शिवाय हजारातले तीनशे फूट गॅलरीला दिले की तेवढ्याचं भाडं प्रत्येक जण भरत असतो, त्याची चित्रं लागोत न लागोत.

दुसऱ्या बाजूला दालनं आहेत. मुंबईत काळा घोड्याची जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ सालची, तिथे आठवडा मिळवायला वर्षानुवर्षं थांबावं लागतं, पण दारातून येणारा माणूस चित्र बघायला आलेला असतो. पुण्यात बालगंधर्वचं कलादालन आणि घोले रोडचं राजा रविवर्मा कलादालन महापालिकेची, कोल्हापुरात दसरा चौकातलं शाहू स्मारक. तिथे चार दिवसांचं भाडं, फ्रेमिंग, टेम्पो, निमंत्रणं आणि उद्घाटनाच्या चहा-वड्यापर्यंतचा खर्च एकदाच होतो आणि संपतो. खासगी गॅलरी मिळाली तर खर्च तिचा, पण विक्रीतला ३० ते ५० टक्के वाटाही तिचा. हा वाटा ऐकून नवे लोक चिडतात. पण त्या गॅलरीकडे गिऱ्हाइकांची यादी असते, तुमच्याकडे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. हा फरक पैशांतच मोजावा लागतो.

माझ्या मते, कायमची गॅलरी पहिल्या वर्षी काढूच नये. एक लांब भिंत पांढरी ठेवा, तिच्यावर कुणी इझल टेकवणार नाही असा नियम करा आणि वर्षातून दोनदा शनिवार-रविवार स्टुडिओ लोकांसाठी उघडा, त्यातला एक दिवाळीच्या आधी. लोकांना प्रेसवरून ताव उचलताना बघायला आवडतं, तसं बघितलेला माणूस प्रिंट विकत घेण्याची शक्यताही जास्त. अशा दोन-तीन खेपांत तुमच्याकडे किती माणसं येतात ते कळेल. त्यावरून तीनशे फुटांचं काय करायचं ते ठरवा. विक्रीतला दहावा हिस्सा सामाईक डब्यात टाकायची सवयही तेव्हाच लावून घ्या. एकाच्या ओळखीने आलेलं गिऱ्हाईक दुसऱ्याचं चित्र घेऊन गेलं की मनं कडू होतात.

क्लास आणि कागद

भाडं भरण्याचा सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या शासकीय परीक्षांचे क्लास. दहावीला इंटरमिजिएटच्या श्रेणीवर वाढीव गुण मिळतात, त्यामुळे पालक स्वतःहून येतात. एकट्याच्या खोलीत हा तुमचा प्रश्न. सामाईक जागेत शनिवारी वीस मुलं पोस्टर कलर घेऊन बसली की बाकीच्यांचा शनिवार गेला. क्लास हवेत की नकोत, असतील तर कुठल्या वेळी आणि त्यातले किती पैसे भाड्यात, हे जागा बघायच्या आधी बोलून घ्या.

संस्था नोंदवायची घाई करू नका. सोसायटी म्हणून नोंदवायला किमान सात जण लागतात, महाराष्ट्रात धर्मादाय आयुक्तांकडे दरवर्षी हिशेब द्यावा लागतो आणि संस्थेचा नफा सदस्यांना वाटून घेता येत नाही. अनुदान किंवा देणगी मिळवायची असेल तेव्हा तो विचार करा. नुसतं भाडं वाटून घ्यायला दोन पानांचा आपसातला करार पुरतो. त्यात नोटीस किती महिन्यांची, डिपॉझिटमधला वाटा कधी परत, किल्ल्या कुणाकडे, आणि सोडून गेलेल्याची राहिलेली चित्रं किती दिवस सांभाळायची, एवढं लिहा. प्रेस किंवा भट्टी चौघांनी मिळून घेतली असेल तर तिची किंमत दरवर्षी किती उतरवायची तेही लिहा. निघणाऱ्याला त्या हिशेबाने पैसे मिळतील, आणि त्याच्या जागी येणारा तेवढेच भरून वाटेकरी होईल.