गाडी विकताना लायसन्सची झेरॉक्स कशाला?

जुनी गाडी आधी विकायची, नवी महिना-दीड महिन्यानं घरी यायची, असं असलं की मधल्या काळात विम्याचं काय होतं हे फारसं कुणी बघत नाही. किमतीत दोन-चार हजारांसाठी आपण तासभर घासाघीस करतो आणि पॉलिसी डॅशबोर्डच्या कप्प्यातून तशीच देऊन टाकतो. नाशिकच्या एका जुन्या गाड्यांच्या डीलरनं नेमका तिथंच हात मारला. तक्रार चालू आहे म्हणून नाव लिहीत नाही, पण त्याची पद्धत लिहिते. ती त्याच्या एकट्याची असेल असं मला वाटत नाही.

आमच्या हॅचबॅकवर सहा वर्षांत एकही क्लेम नव्हता, त्यामुळे नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, 50 टक्क्यांवर पोचला होता. हा बोनस 20, 25, 35, 45, 50 असा वर्षागणिक चढतो. वेगळं संरक्षण घेतलेलं नसेल तर एका क्लेममध्ये शून्यावर येतो. तो गाडीचा नसून मालकाचा असतो. गाडी विकली की विमा कंपनीकडून तसं पत्र घ्यायचं आणि तीन वर्षांच्या आत नव्या गाडीला लावायचं. मला हे माहीत होतं. डीलरला माझ्याहून चांगलं माहीत होतं.

त्यानं गाडी पाहिली. पुढच्या बंपरला तडा, डाव्या फेंडरला पोचा. दोन्ही जुनंच दुखणं, क्लेम नको म्हणून मी तसंच ठेवलेलं. "हे काम करून घ्यावं लागेल ताई," म्हणत त्यानं 15 हजार कमी केले. ठीक. मग मालकी बदलाच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या झाल्या. आरसी, पॉलिसी, पीयूसी, आधार, पॅन यांच्या प्रती घेतल्या आणि जाता जाता लायसन्सची दोन्ही बाजूंची झेरॉक्स मागितली. "आरटीओत मागतात."

आरटीओत ती मागत नाहीत. मालकी बदलायला विकणाऱ्याला गाडी चालवता येते की नाही याच्याशी कुणाला काय करायचंय? लायसन्स लागतं ते अपघाताच्या क्लेमला.

ताबा देताना मी डिलिव्हरी नोट लिहून घेतली. तारीख, वेळ, मीटरवरचे किलोमीटर आणि त्याची सही-शिक्का. "आपल्यात एवढा पण विश्वास नाही का?" असं तो म्हणाला, तरी सही केली.

बोनसच्या पत्रासाठी कंपनीला फोन करते म्हटल्यावर त्याचा सूरच बदलला. टोल फ्रीवर अर्धा तास गाणी ऐकावी लागतील, ते आरसी ट्रान्सफर झाल्याशिवाय देत नाहीत, तुम्ही कशाला त्रास घेता, आमचा माणूस काढून देतो, अडीच हजार द्या. शिवाय म्हणाला, "पॉलिसी लगेच रद्द करू नका, गाडी तुमच्या नावावर आहे तोवर जबाबदारी तुमची." हे शेवटचं वाक्य शंभर टक्के खरं होतं, आणि म्हणूनच बाकीचंही खरं वाटलं. आरसीवर ज्याचं नाव तोच मालक, असं सर्वोच्च न्यायालयानं 2018 मध्ये स्पष्ट केलेलं आहे. गाडी डीलरच्या आवारातून कुणी ट्रायलला नेली आणि कुणाला उडवलं, तर नुकसानभरपाईची नोटीस आरसीवरच्या नावाला येते. तेव्हा थर्ड पार्टी विमा, म्हणजे आपल्या गाडीनं दुसऱ्याचं केलेलं नुकसान भरून देणारा, चालू असणं आपल्याच हिताचं. पण पॉलिसी चालू असेपर्यंत त्यावर क्लेमही करता येतो, हे तो बोलला नाही.

पत्र आलं. कंपनीचा लोगो, शिक्का, 50 टक्के, सगळं होतं. नव्या गाडीच्या शोरूमला ते दिलं. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा, म्हणजे ओडीचा हप्ता 24 हजार होता, तो 12 हजारांवर आला. (बोनस एवढ्याच भागावर मिळतो, थर्ड पार्टीच्या हप्त्यावर नाही. शोरूमवाले सांगताना सगळा हप्ता निम्मा झाल्यासारखं सांगतात.)

गाडी घरी येऊन काही आठवडे झाले आणि नव्या विमा कंपनीचा मेल आला. तुमच्या आधीच्या कंपनीकडे आम्ही खातरजमा केली, त्या पॉलिसीवर क्लेम दिला गेला आहे, बोनस लागू होत नाही. फरकाचे 12 हजार आणि त्यावर 18 टक्के जीएसटी, एकूण 14,160 रुपये भरा, नाहीतर पुढच्या क्लेमवर परिणाम होईल.

जुन्या कंपनीकडून कागद मागवले तेव्हा सगळं उलगडलं. क्लेम 41 हजारांचा, कॅशलेस, शहराबाहेरच्या एका गॅरेजमध्ये. गाडी मी चालवत होते आणि वळताना खांबाला घासली, असं लिहिलेलं. दुरुस्त काय केलं? पुढचा बंपर आणि डावा फेंडर! ज्याचे 15 हजार माझ्याकडून कापून घेतले, तेच काम माझ्याच विम्यातून फुकटात करून घेतलं. संपर्काचा मोबाइल नंबर माझा नव्हता, सही माझ्यासारखी काढलेली होती, सोबत लायसन्सची ती झेरॉक्स. अपघाताची तारीख डिलिव्हरी नोटच्या नंतरची. नुकसान तपासणाऱ्या सर्व्हेयरच्या फोटोतलं मीटर माझ्या नोटेतल्या आकड्याच्या थोडंसंच पुढे गेलेलं. आणि बोनसच्या पत्रावरचा क्रमांक कंपनीच्या नोंदीत कुठेच नव्हता. मी कंपनीला फोन करू नये म्हणून तो इतका का झटत होता, ते आता कळलं. खरं पत्र मागितलं असतं तर तिथंच क्लेम दिसला असता.

गाठून विचारलं तर म्हणतो, "ताई, विमा गाडीचा असतो, आणि गाडी माझी झाली होती." मोटार वाहन कायद्याच्या कलम 157 चा आधार घेऊन असं बोलतात. गाडी दुसऱ्याच्या ताब्यात गेली की विमाही आपोआप गेला असं ते कलम धरतं हे खरं, पण ते थर्ड पार्टीपुरतं. स्वतःच्या नुकसानीच्या भरपाईसाठी नव्या मालकानं 14 दिवसांत कंपनीकडे अर्ज करून विमा स्वतःच्या नावावर करून घ्यावा लागतो. आणि गाडी त्याची झाली होती तर क्लेममध्ये ड्रायव्हर मी कशी? अडीच हजार त्यानं परत दिले, बाकी हात वर.

नवी गाडी वादात ठेवायची नव्हती म्हणून 14,160 भरले, हरकत लेखी नोंदवून. जुन्या कंपनीच्या तक्रार विभागाला डिलिव्हरी नोट पाठवली, विमा नियामकाच्या बिमा भरोसा पोर्टलवर तक्रार टाकली (155255 वर फोनवरूनही करता येते), आणि खोट्या सहीबद्दल पोलीस ठाण्यात अर्ज दिला. कंपनीनं समाधान केलं नाही तर विमा लोकपालाकडे जाता येतं, त्याला फी नाही.

तुम्ही गाडी देणार असाल तर त्याच दिवशी, शक्यतो डीलरसमोर बसूनच, विमा कंपनीला मेल टाका: अमुक तारखेला, इतक्या वाजता, इतक्या किलोमीटरवर गाडी दिली, यापुढचा कुठलाही क्लेम माझा नाही. डिलिव्हरी नोट जोडा. प्रत्येक झेरॉक्सवर आडवं लिहा, "फक्त आरसी ट्रान्सफरसाठी", खाली तारीख. लायसन्स देऊच नका. डीलरकडे आरटीओचं अधिकारपत्र आहे का ते विचारा. एप्रिल 2023 पासून अशा डीलरला गाडी देताना फॉर्म 29 सी ऑनलाइन भरला की आरसी दुसऱ्याच्या नावावर होईपर्यंतची जबाबदारी त्याच्याकडे जाते. माझ्या डीलरकडे ते नव्हतं, आणि विचारल्यावर "ते मोठ्या शोरूमवाल्यांना" असं उत्तर मिळालं. तसं काही नाही. आरसीवर नाव बदललं का ते एमपरिवहन या सरकारी अ‍ॅपवर स्वतः बघा. बोनसचं पत्र मात्र स्वतःच काढा, आणि पॉलिसीवर छापलेल्या नंबरवरच फोन करा, डीलरनं दिलेल्या नव्हे.

जुन्या कंपनीनं त्या गॅरेजचं आणि सर्व्हेयरचं म्हणणं मागवलं आहे. क्लेम खोटा ठरून बोनस परत लागला तर भरलेला फरक मागता येईल असं नवी कंपनी म्हणते, तेही मी त्यांच्याकडून मेलवर लिहून घेतलं आहे.