कॅमेरा कुठे लावायचा? एकच प्रसंग, वेगवेगळे अँगल

वडील खुर्चीत बसलेत. मुलगी दारातून आत येते, थोडी अलीकडेच थांबते आणि उभ्याउभ्या सांगते, "बाबा, मी नोकरी सोडली." वडील काहीच बोलत नाहीत. प्रसंग संपला.

लघुपट करणाऱ्यांपुढे असे प्रसंग सारखे येतात. पटकथेत चार ओळी असतात आणि सेटवर पहिला प्रश्न येतो, कॅमेरा कुठे लावायचा? ठरलेली उत्तरं सगळ्यांना पाठ असतात. लो अँगलने, म्हणजे खालून, माणूस मोठा दिसतो, हाय अँगलने, म्हणजे वरून, दबलेला दिसतो, कॅमेरा तिरका केला की बघणारा अस्वस्थ होतो. यातलं काही खोटं नाही, पण ते अर्धंच आहे. म्हणून हा एकच प्रसंग धरून पर्याय शेजारी शेजारी ठेवतो. अँगल काय देतो हे कुठेही वाचायला मिळतं. तो काय काढून घेतो, हे बघितलं की निवड सोपी होते.

उंची वेगळी, कल वेगळा

'लो अँगल' म्हणताना आपण दोन गोष्टींची गल्लत करतो. कॅमेरा जमिनीपासून किती उंचीवर आहे ही एक गोष्ट, आणि त्याचं तोंड वर आहे, खाली आहे की सरळ, ही दुसरी. यासुजिरो ओझूचा 'टोकियो स्टोरी' (१९५३) पाहा. कॅमेरा जमिनीवर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांइतका किंवा त्याहूनही खाली असतो, पण त्याचं तोंड बहुतेक वेळा सरळच असतं. त्यामुळे कुणी भव्य वाटत नाही की कुणी धाक घालत नाही. आपण त्या माणसांच्या सोबत बसलोय, एवढंच वाटतं. तोच कॅमेरा तिथूनच वर वळवला असता तर भिंतींच्या उभ्या रेषा वर निमुळत्या झाल्या असत्या, आणि घर वेगळंच बोलायला लागलं असतं.

आपल्या प्रसंगात वडील बसलेले आहेत. त्यांच्यासाठी खाली आणि सरळ ठेवलेला कॅमेरा छान चालतो. उभ्या मुलीला मात्र तो अडचणीचा. सरळ ठेवला तर तिचं डोकं कापलं जातं, नाहीतर पूर्ण आकृती मावेपर्यंत मागे जावं लागतं, आणि मागे गेलं की चेहरा लहान होतो. म्हणजे तिच्या क्लोजअपसाठी एकतर कॅमेरा उंच करायचा, नाहीतर तोंड वर करायचं. ठरवायची खरी वेळ इथे येते.

डोळ्यांच्या पातळीवर की खालून?

'आय लेव्हल' म्हटलं की पुढचा प्रश्न विचारायलाच हवा. कुणाचे डोळे? बसलेल्या वडिलांचे डोळे जमिनीपासून साधारण ११५ सेंटिमीटरवर धरू आणि उभ्या मुलीचे १५० वर. फरक ३५ सेंटिमीटरचा. आता कॅमेरा वडिलांच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवून मुलीकडे वळवा. २ मीटरवरून हा कोन सुमारे १० अंशांचा होतो. ४ मीटरवर गेलात तर जेमतेम ५ अंश. पण वाइड लेन्स (जवळूनही जास्त जागा मावणारी) लावून ६० सेंटिमीटरपर्यंत जवळ गेलात तर तोच फरक ३० अंशांचा होतो. कॅमेऱ्याची उंची तसूभरही बदललेली नाही, आणि तरी पहिल्या शॉटमध्ये आपण वडिलांच्या जागी बसलोय असं वाटतं, तर तिसऱ्यात हनुवटी पुढे येते, नाकपुड्या दिसतात, मागे छत येतं आणि मुलगी अंगावर आल्यासारखी वाटते. म्हणून 'लो अँगल घेऊ या' असं नुसतं म्हणून भागत नाही. किती लांबून आणि कुठल्या लेन्सने, हे त्याच वाक्यात यायला हवं.

आता पाठ केलेला नियम लावून पाहू. खालून दिसते ती मुलगी, म्हणजे ताकद तिची. पण घाबरलेली तर तीच आहे. मग कॅमेरा वर न्यायचा का? इथे मी हटकून एक प्रयोग करायला सांगतो. कुणाला तरी समोर उभं करा आणि नजर जमिनीकडे वळवायला सांगा. आधी डोक्याच्या थोडं वरून बघा. कपाळ, केस, पापण्या दिसतात, डोळे गेले. मग खाली बसून बघा. तीच झुकलेली नजर आता तुमच्या दिशेने येते. डोळ्यांतलं पाणी, थरथरणारा ओठ, आवंढा गिळताना हलणारा गळा, सगळं समोर येतं. हाय अँगल माणसाला दबलेलं दाखवतो खरा, पण ज्याची मान खाली आहे त्याचा चेहराच तो आपल्यापासून लपवतो. नटीने जे केलंय ते बघायचं असेल तर कॅमेरा खालीच हवा. शरमेच्या, कबुलीच्या, माफीच्या प्रसंगांत मी म्हणूनच आधी खालचा शॉट लावून बघतो.

पडलेला माणूस खालून कसा दिसतो याचं ठळक उदाहरण 'सिटिझन केन' (१९४१) मध्ये आहे. केन निवडणूक हरलाय, जुना मित्र दारू पिऊन त्याला सुनावतोय. हा प्रसंग दिग्दर्शक ऑर्सन वेल्स आणि छायालेखक ग्रेग टोलंड यांनी इतक्या खालून घेतला की कॅमेऱ्यासाठी सेटची जमीन फोडावी लागली. छत कापडाचं होतं आणि त्याच्या वर माइक ठेवलेले होते. हरलेला माणूस पडद्यावर डोंगराएवढा दिसतो, आणि त्याच्या डोक्यावर ते छत टेकल्यासारखं वाटतं. लो अँगलने इथे ताकद दाखवलेली नाही. एवढा मोठा माणूस जाणार कुठे, असं वाटायला लावलंय.

खालच्या शॉटची किंमतही लक्षात ठेवा. छत दिसलं की वरचे दिवे काढावे लागतात, बूम (काठीवरचा माइक) कुठून धरायचा हा प्रश्न उभा राहतो. उलट फायदाही असतो. खोलीत पसारा असेल तर कॅमेरा खाली घेऊन वर वळवला की मागे फक्त भिंत आणि छत उरतं. हाय अँगलमध्ये जमीन हीच पार्श्वभूमी होते, त्यामुळे सतरंजी, वायर, फरशीवरचे दिव्यांचे डाग, सगळं फ्रेममध्ये येतं.

एकमेकांच्या डोळ्यांतून की आपापल्या पातळीवर?

माझ्या मते या प्रसंगातला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय हा आहे, आणि नेमका याच्यावरच सेटवर सगळ्यात कमी बोललं जातं.

पहिला पर्याय असा. मुलीचा शॉट वडिलांच्या डोळ्यांच्या उंचीवरून, थोडा वर बघणारा. वडिलांचा शॉट मुलीच्या उंचीवरून, थोडा खाली बघणारा. दोन्ही शॉट जोडले की खोलीतली खरी उंची पडद्यावर येते. तो बसलाय, ती उभी आहे, हे दर कटला जाणवतं. नजरा आपोआप जुळतात, कारण दोघंही जवळजवळ लेन्सच्याच दिशेने बघतात.

दुसऱ्या पर्यायात मुलीला तिच्या पातळीवर आणि वडिलांना त्यांच्या पातळीवर, दोन्ही सरळ. आता उंचीचा फरक पुसला गेला. दोन चेहरे समान वजनाचे झाले. पण एक काम वाढलं. मुलीने लेन्सच्या खाली बघायला हवं आणि वडिलांनी लेन्सच्या वर. समोरचा नट सेटवर नसेल तर तिथे खुणेची चिकटपट्टी लावून ठेवा. नाहीतर एडिट टेबलवर दोघं एकमेकांच्या छातीशी बोलताना दिसतील आणि तेव्हा दुरुस्ती नसते.

दोन्हीत पहिला जास्त खरा वाटतो. दुसऱ्यात आपण कुणाच्याच बाजूने नसतो. गोष्ट 'काय घडलं' याची असेल तर पहिला घ्या. 'कोण बरोबर' हे प्रेक्षकावर सोडायचं असेल तर दुसरा. दोन्ही मिसळून मात्र घेऊ नका, म्हणजे एक शॉट वडिलांच्या उंचीवरून आणि दुसरा सरळ. असं केलं की एका पात्राला झुकतं माप मिळतं. ते ठरवून केलेलं असेल तर उत्तम. बहुतेक वेळा ते ट्रायपॉड हलवायचा कंटाळा आला म्हणून झालेलं असतं.

वरून की अगदी डोक्यावरून?

हाय अँगल आणि टॉप शॉट (थेट डोक्यावरून घेतलेला) एकाच जातीचे समजले जातात, पण त्यांचं काम वेगळं आहे. हाय अँगलमध्ये चेहरा शिल्लक असतो. म्हणून त्यात कीव येते, पहारा येतो, आणि मायाही येते. झोपलेल्या लेकराकडे आपण वरूनच बघतो, त्यात त्याला कमी लेखणं कुठे असतं? टॉप शॉटमध्ये चेहरा जातो. उरते ती जागा, खुर्ची ते दार हे अंतर आणि त्यावरचे दोन ठिपके.

चेहरा जातो याचाच अल्फ्रेड हिचकॉकने 'सायको' (१९६०) मध्ये उपयोग केला. जिन्यावरच्या हल्ल्यात कॅमेरा थेट वर आहे, कारण हल्ला करणाऱ्याचा चेहरा दिसता कामा नये. समोरून घेऊन चेहरा टाळला असता तर प्रेक्षकाला संशय आला असता. वरून घेतल्यावर तो लपवाछपवीचा शॉट वाटतच नाही, आणि लगेच पुढे येणारा मोठा क्लोजअप दुप्पट जोरात लागतो.

आपल्या प्रसंगात टॉप शॉट एकदा, फार तर शेवटी. त्यासाठी कॅमेरा वर बांधावा लागेल. बांधलाच तर सुरक्षेची दोरी वेगळी लावा आणि खाली माणूस उभा करण्याआधी ओढून बघा.

तिरका की सरळ?

यावर मी फार वेळ घालवणार नाही. कॅरल रीडच्या 'द थर्ड मॅन' (१९४९) मध्ये युद्धानंतरचं व्हिएन्ना अर्ध्याहून जास्त वेळ कललेलं वाटतं, आणि तिथल्या परक्या माणसाच्या पायाखालची जमीनच सरकलीय हे त्यातून कळतं. तरी तो चित्रपट पाहून विल्यम वायलरने रीडला स्पिरिट लेव्हल, म्हणजे पातळी सरळ आहे का ते बघायचं साधन, भेट दिली, असं रीडनेच सांगितलं आहे. दोघंही कसलेले दिग्दर्शक, मतं टोकाची.

बापलेकीच्या प्रसंगात डच अँगल, म्हणजे हा तिरका कॅमेरा, नको. इथे जग कललेलं नाही, दोन माणसांमध्ये एक वाक्य पडलंय. करायचाच असेल तर ठाम करा. २-३ अंशांचा कल चुकल्यासारखा दिसतो. आणि 'एडिटमध्ये फिरवू' असं म्हणताना हिशेब बघा. १६:९ ची फ्रेम १० अंश फिरवली तर कोपरे भरायला जवळजवळ १.३ पट झूम करावं लागतं. हेडरूम, म्हणजे डोक्यावरची मोकळी जागा, तेवढी सोडली नसेल तर डोकं गेलं.

अँगल खर्च होतो

एका लघुपटात मी घरातल्या मोठ्या माणसाला पहिल्या प्रसंगापासून खालून घेतलं. तिसऱ्या प्रसंगात तो पहिल्यांदा चिडतो. एडिटला बसल्यावर लक्षात आलं, चिडण्यासाठी काही शिल्लकच ठेवलेलं नाही. कॅमेरा आधीच तळाला होता. ज्यांना कच्चा कट दाखवला त्यांच्या डोळ्यांना ते खालून बघणं पाचव्या मिनिटापर्यंत सवयीचं झालं होतं.

सिडनी लुमेटने '१२ अँग्री मेन' (१९५७) मध्ये हाच हिशेब अख्ख्या चित्रपटावर मांडला. जवळजवळ सगळं एका खोलीत घडतं. पहिला एक तृतीयांश भाग डोळ्यांच्या पातळीच्या वरून, मधला पातळीवर, शेवटचा खालून. सोबत लेन्सही हळूहळू लांब, म्हणजे मागची भिंत जवळ ओढणाऱ्या, होत गेल्या. शेवटाकडे छत दिसायला लागतं आणि खोली आक्रसल्यासारखी वाटते. यात एकही शॉट सुटा काढून 'याचा अर्थ हा' असं सांगता येणार नाही. तासाभरापूर्वी कॅमेरा कुठे होता, त्यावर आत्ताच्या शॉटचं वजन ठरतं.

म्हणून एका प्रसंगाचा अँगल ठरवण्याआधी त्याच्या मागचे आणि पुढचे प्रसंग कागदावर मांडा आणि प्रत्येकाच्या पुढे फक्त कॅमेऱ्याची उंची लिहा. सगळीकडे एकच आकडा आला तरी हरकत नाही. तो जिथे बदलायचा ती जागा हाती लागते.

अजूनही ठरत नसेल तर फोनवर दोन-तीन पर्याय वीस-वीस सेकंद चित्रित करा, आवाज बंद करून पटकथा न वाचलेल्या माणसाला दाखवा आणि विचारा, "यात भीती कुणाला वाटतेय?" उत्तर पर्यायागणिक बदललं तर अँगल काम करतोय. तेच राहिलं तर नटच काम करताहेत. मग सगळ्यात साधा शॉट घ्या आणि उरलेला वेळ त्यांना द्या.

मला विचाराल तर हा प्रसंग मी असा लावीन. मुलगी आत येते तो मास्टर शॉट (अख्खा प्रसंग दाखवणारा) सरळ, वडिलांच्या डोळ्यांच्या उंचीवर, खुर्चीच्या मागून. त्यात तिचं डोकं फ्रेमच्या वरच्या कडेला जवळजवळ टेकेल, टेकू द्यायचं. "बाबा, मी नोकरी सोडली" हे वाक्य त्याच उंचीवरून, २ मीटर अंतरावरून, म्हणजे खाली वळलेली तिची नजर आपल्याला मिळेल. वडिलांचा शॉट तिच्या उंचीवरून, एकदाच आणि लांब. त्यांनी हात खुर्चीच्या दांड्यावर टेकवून उठायला सुरुवात केली की कॅमेरा हलवायचा नाही. तो आधीच दीड मीटर उंचीवर आहे. उठताना त्यांचा चेहरा हळूहळू वर येईल, सुरुवातीला कपाळ दिसत होतं तिथे डोळे येतील आणि लेन्सच्या पातळीवर येऊन थांबतील. तिथे कट.