कोथरूडचं गेमवालं फिजिओ सेंटर: बाबांचे दीड महिने (साडेतीन स्टार)

बाबांना दिवाळीनंतर स्ट्रोक झाला, मेंदूच्या उजव्या बाजूला, म्हणजे शरीराची डावी बाजू गेली. पाय महिन्याभरात बऱ्यापैकी आला, काठी घेऊन घरात फिरायला लागले, पण हात काही केल्या येईना आणि त्यात डावीकडचं भानच नाही. म्हणजे डोळे चांगले आहेत, पण ताटात डावीकडे वाढलेली चटणी कोशिंबीर तशीच राहायची आणि वर आईला विचारायचे, आज कोशिंबीर नाही केलीस का गं. आईला वाटायचं मुद्दाम करतायत.

तर कोणीतरी हे सेंटर सुचवलं, कर्वे रोडच्या आतल्या गल्लीत, नाव लिहीत नाही कारण पुढे थोडं वाईटही लिहिणार आहे. भिंतीवर मोठा टीव्ही, खाली कॅमेरा, पेशंट खुर्चीत बसून हात हलवतो आणि पडद्यावर फळं तोडली जातात, नाहीतर फुगे फुटतात. बाबा पहिल्या दिवशी, "मी बँकेतून रिटायर झालोय, मला फुगे फोडायला लावताय?" दुसऱ्या दिवशी स्कोअर विचारत होते. तिसऱ्या दिवशी बाजूच्या आजोबांचा स्कोअर विचारत होते.

हीच खरी मजा आहे त्याची. घरी मी "बाबा, दहा वेळा हात वर करा" म्हटलं की चारला हात दुखायला लागतो, इथे तीनशे चारशे वेळा सहज व्हायचं आणि कळायचंही नाही. मेंदू नवीन वाट पाडतो ती तीच तीच हालचाल पुन्हा पुन्हा करून, आणि साध्या थेरपीत ती फार कमी होते, २००९ च्या एका अमेरिकन अभ्यासात एका सेशनमध्ये हाताच्या कामाच्या हालचाली सरासरी ३२ च निघाल्या होत्या. शिवाय फळं मुद्दाम डावीकडून यायची, फिजिओ ताई मागून "काका, डावीकडे, अजून डावीकडे" करत मान वळवायला लावायच्या.

आता तक्रारी. पॅकेज बारा सेशनचं, पैसे सगळे आधी. पाऊण तासातली दहा मिनिटं कॅमेरा बाबांना शोधण्यात जातात, एकदा तर मलाच पेशंट समजून माझ्या हाताने फळं तोडत होता. सूचना सगळ्या इंग्रजीत आणि आवाज असा की बाहेर बसलेल्याचं डोकं उठावं. पार्किंगबद्दल बोलतच नाही.

पण माझा मोठा राग वेगळाच आहे. ताई सुट्टीवर होत्या त्या आठवड्यात एका शिकाऊ मुलाने गेम चालू करून दिला आणि फोन बघत बसला. बाबा हात न उचलता कमरेतून अख्खं अंग डावीकडे टाकायचे, खांदा कानापर्यंत चढवायचे, आणि मशीनला काय, हात तिथे पोचला की फळ तुटलं, पॉइंट दिला! स्कोअर त्या आठवड्यात सगळ्यात जास्त आणि घरी आल्यावर रात्रभर खांदा दुखतोय. ताई आल्या तेव्हा पहिलं काम काय केलं तर बाबांची पाठ पट्ट्याने खुर्चीला बांधली. स्कोअर निम्म्यावर आला, बाबा रुसले, पण हात खरा हलायला लागला. म्हणजे पैसे द्यायचे ते ताईंचे, टीव्हीचे नाहीत. जाणार असाल तर आधी एवढंच विचारा, शेजारी कोण उभं राहणार.

मग रात्री बसून वाचलं थोडं. निन्टेंडो वी हे गेमचं मशीन २००६ साली आलं तेव्हापासून लोक हे स्ट्रोकच्या पेशंटवर करून बघतायत. २०१६ साली लॅन्सेट न्यूरॉलॉजी या डॉक्टरी नियतकालिकात एक मोठी ट्रायल आली, कॅनडा, अर्जेंटिना, पेरू आणि थायलंडमधले १४१ पेशंट, सगळ्यांची नेहमीची थेरपी चालूच, वर अर्ध्यांना वी आणि बाकीच्यांना पत्ते, बिंगो, जेंगा, चेंडू असले खेळ, दोन आठवड्यांत तासातासाची दहा सेशन. दोन्ही गटांतल्या पेशंटचे हात सुधारले आणि गटांत फरक काही नाही. पत्ते!! मी हसलोच.

ताईंना विचारलं तर त्या शांतपणे म्हणाल्या, "मग खेळा की घरी, पण हालचाल मी सांगते तशीच." या उत्तरासाठी अर्धा स्टार जास्त दिलाय.

दुसरं पॅकेज घेतलं नाही, आठवड्यातून एकदा फक्त ताईंकडे जातो. बाकी रोज संध्याकाळी बदाम सात, शेजारचे काका येतात, सत्तीच्या एक्क्याकडची पानं मी मुद्दाम बाबांच्या डावीकडे लावतो आणि त्यांनी ती डाव्या हातानेच ठेवायची असा नियम आहे. पानं हातातून पडतात अजून, उपडी पडली तर ठीक, उताणी पडली की काका बघून घेतात आणि मग भांडण.