सेल्फ, बॅटरी, पुन्हा सेल्फ... आणि शेवटी एक अर्थिंगची पट्टी : जुनी गाडी ठेवल्यानंतरचा अनुभव

‘काढून टाक ही गाडी’ असं घरातले सगळेच म्हणायला लागले होते आणि मीही जवळपास तयार झाले होते. गाडी जुनी, पेट्रोलवरची. सकाळी थंड असताना निमूट सुरू व्हायची. पण लांबून येऊन जरा बंद केली की चावी फिरवल्यावर नुसतं ‘टक्’.

गॅरेजमध्ये आधी बॅटरी बदलायला लावली, मग सेल्फचे, म्हणजे इंजिन फिरवून सुरू करणाऱ्या मोटरचे, कार्बन ब्रश, मग अख्खा सेल्फ. प्रत्येक वेळी थोडे दिवस बरे जायचे आणि पुन्हा तेच. पैसे गेले त्याचा राग आहेच, पण त्याहून जास्त राग आहे तो एवढे पार्ट बदलताना कुणी एकदाही मीटर लावला नाही याचा. अंदाजाने पार्ट बदलत राहिलं तर कुठलीही गाडी ‘ठेवण्यासारखी राहिली नाही’ असंच वाटणार.

मग एका वायरिंगवाल्याने मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरी थेट इंजिनाच्या उघड्या धातूवर टेकवली आणि मला सेल्फ मारायला सांगितलं. आकडा आला दीड व्होल्ट. तिथे ०.२ च्या आसपास, शक्यतो त्याहून कमीच, यायला हवा. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, त्यामुळे बॉडीशी, आणि तिच्यामार्फत बॅटरीच्या निगेटिव्हशी, त्याचा विजेचा संबंध मुख्यतः अर्थिंगच्या विणलेल्या तांब्याच्या पट्टीमुळेच असतो. सेल्फचा करंट याच वाटेने परत जातो. सेल्फ फिरताना शे-दीडशे अँपिअर करंट ओढतो. दीडशे अँपिअरला पट्टीच्या सांध्यात ०.०१ ओहमचा अडथळा आला तरी दीड व्होल्ट तिथेच खर्च होतात. गरम झाल्यावर अडथळा आणखी वाढतो, म्हणून त्रास फक्त गरम गाडीला. पट्टी काढली तर टोकाला हिरवी पूड जमलेली, अर्धे तार तुटलेले.

माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. क्लचची केबल मधूनमधून जड व्हायची, तीही ‘गाडी म्हातारी झाली’ या खात्यात जमा होती. प्रत्यक्षात पट्टीतून वाट मिळेना म्हणून करंट त्या केबलमधून परत जात होता आणि आतलं प्लास्टिकचं अस्तर वितळत होतं. सेल्फ मारल्यावर केबलला हात लावला तर ती कोमट लागायची. एका पट्टीने दोन आजार दाखवले होते! जुन्या गाडीवाल्यांनी निर्णय घेण्याआधी ही एक तपासणी कराच, पाच मिनिटांचं काम आहे.

पट्टी नवी टाकली, बोल्टखालचा गंज घासून चकचकीत धातू काढला आणि माझं मत फिरलं. पुढे रेडिएटरची प्लास्टिकची टाकी चिरली तेव्हाही ते डगमगलं नाही. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने प्लास्टिक कडक होतं आणि चिरतं, एवढंच त्यामागचं कारण. तापमानाचा काटा वर जाताना दिसला आणि गाडी लगेच थांबवली, म्हणून इंजिनाचं हेड (वरचा भाग) वाकलं नाही, त्याखालचं गॅस्केटही वाचलं.

‘दुरुस्ती गाडीच्या किमतीच्या निम्म्यावर गेली की काढा’ हा हिशोब मला पटत नाही. जुन्या गाडीची बाजारातली किंमत नगण्यच असते. तुलना करायची तर दुसऱ्या गाडीच्या महिन्याच्या हप्त्याशी आणि विम्याशी करावी. माझ्या बाबतीत वर्षभराची दुरुस्ती त्यापुढे कमीच भरते, तीही त्या अनावश्यक सेल्फसकट. रात्री-अपरात्री कामावर जाणाऱ्याचं गणित वेगळं, त्याला भरवसाच हवा. आणि एबीएस (जोरात ब्रेक मारल्यावर चाकं जॅम होऊ न देणारी यंत्रणा), एअरबॅग नसणं ही उणीव कुठल्याच दुरुस्तीने भरून निघत नाही. गाडी काढायला हे एक कारण मी खरंच मान्य करते.

चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन (आतला दाब) चांगलं आणि जवळपास सारखं आलं, म्हणजे इंजिनाची फारशी काळजी नाही. गाडी वर उचलून खालचे बीम आणि सस्पेन्शनच्या जागा स्क्रूड्रायव्हरने टोचून पाहिल्या, गंज अजून वरवरचाच आहे. जिथे सस्पेन्शन बसतं तिथे टोक आत गेलं तर मी पॅच मारून घेणार नाही, गाडी काढणार. तोवर पुढचं काम टायमिंग बेल्टचं, म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांचा मेळ राखणाऱ्या पट्ट्याचं. या इंजिनात बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात, म्हणून तो याच महिन्यात, वॉटर पंपासकट बदलून घेते आहे.