तेरा कप्प्यांची फाईल, म्हापसा ते कुडाळ

स्टेशनरीच्या दुकानात हिला एक्सपांडिंग फाईल म्हणतात. प्लास्टिकची, ए-फोर कागद न दुमडता बसेल एवढी, आत भात्यासारखे उघडणारे तेरा कप्पे, वर झाकण, झाकणाला इलॅस्टिकचा पट्टा. म्हापशाच्या बाजारात अडीचशे रुपयांच्या आत मिळाली. लोक हिच्यात लाइटबिलं, विम्याच्या पावत्या आणि मुलांच्या मार्कलिस्ट ठेवतात. मी हिच्यावर टेम्पो चालवते.

म्हणजे स्टिअरिंगवर मी नसते. घरगुती वस्तूंच्या एका घाऊक पेढीत डिस्पॅच बघते. पंखे, मिक्सर, कुकर, बादल्या, डबे. आमची उत्तरेकडची लाईन म्हापशाहून निघून कोलवाळ, धारगळ, पेडणे करत पत्रादेवीला गोव्याची हद्द ओलांडते आणि पुढे बांदा, इन्सुली, सावंतवाडी, झाराप, कुडाळ. गाडी ट्रान्सपोर्टवाल्याची, माल आमचा, आणि एका गाडीत नऊ-दहा दुकानांचा. माल चढवायला हमाल असतात. कागद चढवायला मी एकटी.

या कामात न पडलेल्याला वाटतं की दुकान तिथे बिल, संपलं. प्रत्यक्षात प्रत्येक दुकानाचा एक छोटा गठ्ठा असतो. बिल, बिलाची शिक्का घेऊन परत आणायची प्रत, ट्रान्सपोर्टची एलआर (माल वाहायला घेतल्याची पावती) आणि लागत असेल तिथे ई-वे बिल, म्हणजे माल रस्त्यावर न्यायला जीएसटीच्या पोर्टलवर काढायचा कागद. पेडण्यापर्यंतच्या बिलांवर राज्यातल्या विक्रीचा सीजीएसटी-एसजीएसटी, बांद्यापासून पुढे परराज्यातल्या विक्रीचा आयजीएसटी. अंतर बघायला गेलं तर काहीच नाही, पण मधे राज्याची हद्द आहे, त्यामुळे बांद्याचं दुकान आमच्या हिशेबी परराज्य. गोव्यातल्या गोव्यात ई-वे बिल कुठल्या मालाला लागतं याचे राज्याचे नियम वेगळे, तो विषय इथे नको. हद्दीपलीकडे मात्र साधा हिशेब: मालाची किंमत ५०,०००च्या वर गेली की ई-वे बिल हवंच. आणि ही किंमत करासकट धरायची. ४५,००० चे पंखे सावंतवाडीला चालले तर १८ टक्के धरून बिल ५३,१०० होतं. ‘पन्नासच्या आत आहे’ असं सेल्समन फोनवर सांगतो तेव्हा तो कराआधीचा आकडा सांगत असतो, हे मी आता विचारतही नाही, थेट बिलाची शेवटची ओळ बघते.

आता फाईल. कप्पे मी असे लावते. पहिल्यात पूर्ण गाडीचे कागद: ट्रिप शीट, दुकानवार नगांची यादी आणि कंसॉलिडेटेड ई-वे बिल. दोन ते अकरा दुकानं, ज्या क्रमाने गाडी थांबणार त्याच क्रमाने. बारावा कप्पा परत आलेल्या मालाच्या आणि तक्रारीचा शेरा असलेल्या कागदांचा. तेरावा पोचेचा.

क्रमाचं एवढं काय, असं नव्या पोराने विचारलं होतं. टेम्पोत कुडाळचा माल आधी चढतो, तो आत बसतो. कोलवाळचा सगळ्यात शेवटी, दाराशी. कागद त्याच्या बरोबर उलटे लागतात. पूर्वी क्लिपच्या पॅडवर सगळे कागद एकावर एक असायचे आणि दुसऱ्याच थांब्यावर एखादा दुकानदार ‘जरा बघू’ म्हणून गठ्ठा हातात घ्यायचा. तिथून पुढे क्रम गेला तो गेला. वर पेडण्याच्या दुकानदाराला धारगळच्या दुकानदाराचा भावही दिसायचा, ती वेगळीच डोकेदुखी. कप्प्यात हे होत नाही. ड्रायव्हर एक कप्पा उघडतो, तेवढाच गठ्ठा बाहेर येतो, शिक्का मारलेली प्रत तेराव्यात जाते, कप्पा रिकामा होतो. दुपारी फोन करून ‘कुठवर पोचलात?’ विचारलं तर तो गावाचं नाव सांगायच्या आधी म्हणतो, ‘बाय, सातव्यार आसा.’ मला तेवढं पुरतं.

पहिल्या कप्प्याबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण आमच्या ओळखीतले बरेच व्यापारी अजून हे करत नाहीत. दोन बिलं एकत्र करून एक ई-वे बिल काढता येत नाही. दर बिलाचं स्वतंत्र. पण ती सगळी एकाच गाडीतून जात असतील तर त्यांचे बारा आकडी नंबर एकत्र करून एक कंसॉलिडेटेड ई-वे बिल काढता येतं, त्याचा नंबर दहा आकडी. रस्त्यात कोणी थांबवलं तर ड्रायव्हरने सहा कागद शोधत बसायचं कारण नाही, पहिला कप्पा उघडून एक कागद द्यायचा. वाटेत गाडी बंद पडून दुसरी मागवावी लागली तर त्याच पोर्टलवर नव्या गाडीच्या नंबराने ते पुन्हा काढता येतं. मात्र या एकत्र कागदाला स्वतःची मुदत नसते. आतल्या प्रत्येक बिलाची मुदत ज्याची त्याला.

आणि मुदतीतच लोक फसतात. २०० किलोमीटरपर्यंत एक दिवस, असा नियम १ जानेवारी २०२१ पासून आहे. त्याआधी एका दिवसाला १०० किलोमीटर धरत. हा एक दिवस दुसऱ्या दिवशीच्या मध्यरात्री संपतो, आणि मोजणी सुरू होते ई-वे बिलाच्या पार्ट बीमध्ये गाडीचा नंबर पहिल्यांदा भरला तेव्हापासून. शुक्रवारी संध्याकाळी हौसेने पार्ट बी भरून ठेवला तर शनिवारी रात्री बारा वाजता मुदत संपली. शनिवारी कुडाळचं एक दुकान बंद मिळालं आणि माल गाडीतच राहिला तर सोमवारी तो कागद मेलेला असतो. मुदत वाढवता येते, पण संपायच्या आधीचे आठ तास आणि नंतरचे आठ तास, एवढ्याच वेळात. रविवारी सकाळी कोण बसतंय पोर्टलसमोर? म्हणून मी पार्ट ए, म्हणजे बिलाचा आणि मालाचा तपशील, आधी करून ठेवते आणि पार्ट बी गाडीला ताडपत्री बांधायला लागले की भरते. प्रिंट निघेपर्यंत ड्रायव्हरचा चहा होतो.

हे सगळं मोबाईलमध्ये का नाही, असा प्रश्न येणार. येऊ द्या. कायद्याने बघितलं तर बरंचसं मोबाईलमध्ये चालतं. ई-वे बिलाचा नंबर फोनवर दाखवला तरी चालतो. ज्यांना ई-इन्व्हॉइस (सरकारी पोर्टलवर नोंदवलेलं बिल) लागू आहे, म्हणजे १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींच्या वर उलाढाल असलेले आम्ही सगळे, त्यांचा क्यूआर कोड कागदी बिलाच्या जागी दाखवता येतो. बिलाच्या तीन प्रतींचा जुना नियम, मूळ प्रत घेणाऱ्याला, दुसरी वाहतूकदाराला, तिसरी विकणाऱ्याकडे, तोही ई-इन्व्हॉइसला लागू नाही. सरकारने कागद सोडला. दुकानदाराने सोडलेला नाही. त्याला शाईचा शिक्का मारायला कागद हवा, आणि आमच्या वसुलीवाल्याला तो शिक्का हवा, कारण दीड महिन्याने पैसे मागायला गेल्यावर ‘हा माल आलाच नव्हता’ म्हणणारा एक तरी निघतोच.

आमच्या ट्रान्सपोर्टवाल्याने मधे एक ॲप आणलं होतं. नाव घेत नाही. दुकानात पोचलं की शिक्का मारलेल्या बिलाचा फोटो काढायचा, तो थेट आमच्या संगणकावर. कल्पना झकास. पण फोटो चढला की ॲप तो थांबा हिरवा करून टाकायचं, आणि बिलाच्या पाठीमागे दुकानदाराने ‘२ कुकर कमी, १ मिक्सरचा बॉक्स फाटलेला’ असं लिहिलेलं असेल तर ते कोणाच्या बापाला कळणार? पाठीचा फोटो काढायची सोयच नव्हती. आमच्याकडे शेरा पाठीमागेच लिहितात, कारण पुढे जागा नसते. फाईलमध्ये तो कागद तेराव्याऐवजी बाराव्या कप्प्यात येतो आणि संध्याकाळी मी आधी बारावाच उघडते.

बाराव्यावरून आठवलं. दुकानदाराने माल घेतलाच नाही तर तो नुसता गाडीत टाकून परत आणायचा नाही. हद्दीपलीकडून परत येणाऱ्या मालालाही कागद लागतो. ५०,०००च्या वर असेल तर विक्री परत म्हणून नवं ई-वे बिल. मूळ ई-वे बिल घेणाऱ्याला पोर्टलवर ७२ तासांत नाकारता येतं, आणि काढणाऱ्याला रद्द करायचं तर २४ तासांत, तेही वाटेत कोणी तपासलं नसेल तर. म्हणून बाराव्या कप्प्यात कागद पडला की ड्रायव्हरने तिथूनच फोन करायचा. संध्याकाळी गाडी म्हापशाला आल्यावर सांगून उपयोग नाही.

गोव्याच्या बाजूला आणखी एक भानगड आहे, ती कुठल्याच ॲपवाल्याला ठाऊक नसते. दुपारी एकच्या सुमाराला दुकानाचं शटर खाली येतं ते साडेतीन-चारपर्यंत. माल मागच्या दाराने नोकर उतरवून घेतो, पण शिक्का गल्ल्यात आणि गल्ल्याची चावी शेठबरोबर जेवायला घरी गेलेली. ‘बाय, शिक्को मेळूंक ना’ हा फोन ठरलेला. अशा वेळी तो कागद त्याच्या कप्प्यातच राहतो, झाकणावर लाल क्लिप लागते आणि येताना गाडी तिथे थांबते. रिकाम्या कप्प्यांच्या रांगेत एकच फुगलेला कप्पा नजरेतून सुटत नाही. यादीत खूण करून ठेवलेली मात्र सुटते, हे माझं निरीक्षण.

आता दोष. एक तर कप्प्यांवर लावायच्या कागदी पट्ट्या फाईलबरोबर येतात त्या भिकार आहेत. जूनमध्ये आमच्याकडची हवाच अशी की आठवड्यात त्यांची शाई पसरते आणि चिकटवलेलं सुटतं. मी पांढऱ्या पट्ट्या फेकून थेट प्लास्टिकवर परमनंट मार्करने आकडे टाकले. गावांची नावं मुद्दाम नाहीत, आकडेच, कारण थांबे बदलतात. दुसरं, झाकण बाजूंनी उघडं. गाडीचं दार उघडून पावसात उतरलं की कडेने पाणी आत जातं. पावसाळ्यात फाईल मोठ्या पिशवीत घालून द्यावी लागते, आणि बिलं लेझर प्रिंटरवरच काढावी लागतात. इंकजेटचा कागद भिजला तर आकडे वाहून जातात. एलआर थर्मल कागदावर देणारे ट्रान्सपोर्टवाले असतील तर फाईल डॅशबोर्डवर ठेवू देऊ नका. एप्रिल-मेच्या उन्हात काचेखाली तो कागद काळवंडतो, मग नंबर वाचायला ज्योतिषी बोलवावा लागतो.

तिसरं, कप्प्याची जाडी. एका दुकानाचे पाच-सहा कागद आरामात. पण चतुर्थीच्या आधी सगळ्यांच्या ऑर्डरी दुप्पट होतात, एकेका दुकानाची चार-चार बिलं निघतात, तेव्हा फाईल पोटुशी दिसते आणि पट्टा बकलात बसत नाही. त्या दिवसांत मी दोन फाईली करते: पेडण्यापर्यंतची एक, बांद्यापासूनची दुसरी. खरं तर हे वर्षभर करायला हरकत नाही. हद्दीवर हातात देताना फक्त आयजीएसटीवाली फाईल पुढे करता येते.

गाडीचं आरसी, विमा, फिटनेस, पीयूसी हिच्यात ठेवू नका. ते कागद गाडीबरोबर राहायला हवेत आणि ही फाईल रोज संध्याकाळी माझ्या टेबलावर येते. ड्रायव्हरच्या फोनमध्ये डिजिलॉकर असेल तर प्रश्नच मिटला.

दिवसाला दोन-तीनच दुकानं करणाऱ्याने ही घेऊ नये, त्याला साधी पारदर्शक पाकिटं पुरतात. पंधरा-वीस थांबे असतील तर चोवीस कप्प्यांची मिळते, पण ती मी दुकानात हाताळून बघितली; उभी ठेवली की मधेच बसते, केबिनमध्ये टिकणार नाही. सहा ते दहा थांब्यांना तेराचीच बरी.

घेताना पट्टा ओढून बघा. इलॅस्टिक नुसतं चिकटवलेलं असेल तर पावसाळा काढत नाही, शिवलेलं किंवा रिव्हेट मारलेलं घ्या. आणि काळा रंग नको. सीटखाली गेली की ड्रायव्हरला दिसत नाही. माझी नारिंगी आहे.