मधुमेहात मूत्रपिंड जपायचंय: हळद, मेथी, कारलं, कुळीथ की कोकम?

आईचा मधुमेह चौदा वर्षांचा. गेल्या पावसाळ्यात लघवीतल्या अल्ब्युमिनचा, म्हणजे लघवीतून जाणाऱ्या प्रथिनाचा आकडा 30 च्या वर गेला आणि डॉक्टरांनी मूत्रपिंडाकडे लक्ष द्यायला सांगितलं. त्या आठवड्यात वाडीतून एकेक उपाय घरी येऊ लागला. शेजारच्या काकी म्हणाल्या, "रोज सकाळी कारल्याचो रस घे गो, साखर उतारता." कुणी जांभळाच्या बियांची पूड दिली, कुणी सप्तरंगीचं मूळ, कुणी परसातली बिंबलं, म्हणजे ती आंबट हिरवी लांबोळकी फळं. तेव्हा दोन प्रश्न वेगळे करून पाहिले: साखर कशाने उतरते आणि मूत्रपिंडाला काय झेपतं. दोन्हींचं उत्तर एकच असेल असं आधी वाटलं होतं. ते तसं नाही.

मूत्रपिंडावरच थेट चाचणी झालेली गोष्ट हळद. इराणमध्ये मधुमेहाने मूत्रपिंड बिघडलेल्या 40 रुग्णांवर ती झाली. 2011 साली निष्कर्ष छापून आले. निम्म्या रुग्णांनी दोन महिने प्रत्येक जेवणाबरोबर 500 मिलिग्रॅम हळद घेतली आणि त्यांच्या लघवीतून जाणारं प्रथिन कमी झालं. माणसं थोडी, काळही थोडा, म्हणून यावर फार मोठा इमला बांधू नये. पण दिवसाची दीड ग्रॅम हळद म्हणजे आपल्या आमटी-भाजीतलीच. कॅप्सूल किंवा चमचाचमचा हळदीचं पाणी मात्र मी आईला देत नाही. हळदीत ऑक्झलेट असतं, आणि ते जास्त झालं की मूत्रपिंडातच साचतं.

साखरेसाठी मेथी आणि कारलं यांतून निवडायचं तर मी मेथी घेईन. तिच्या बुळबुळीत तंतूमुळे अन्नातली साखर रक्तात सावकाश उतरते. चाचण्यांत उपाशीपोटीची साखर कमी झाल्याचं दिसलंय. एक-दोन चमचे दाणे रात्री भिजवले की झालं. कारल्याची भाजी आवडत असेल तर खुशाल खा. रसाचा पेला ही वेगळी गोष्ट. रस काढताना तंतू निघून जातो, मात्रा वाढते, आणि इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी साखर उतरवणारी गोळी चालू असेल तर साखर एकदम खाली येऊन घाम, थरथर सुटते. मूत्रपिंड मंदावलं की अशा गोळ्या शरीरात जास्त वेळ रेंगाळतात, म्हणून हा धोका वाढतो.

जांभूळ फळ म्हणून मोसमात मूठभर खावं. पानांच्या चहावर ब्राझीलमध्ये चाचण्या झाल्या, साखर उतरली नाही. सप्तरंगीचं मूळ पिष्ट पचवणाऱ्या विकराला अडवतं हे खरं, पण बाजारात मिळणाऱ्या मुळांच्या पुडीत नक्की काय आहे हे डोळ्यांनी ओळखता येत नाही. त्यात सापसणीसारख्या वेलीचं मूळ आलं, तर तिच्यातलं ॲरिस्टोलोकिक आम्ल मूत्रपिंड कायमचं निकामी करू शकतं. अनोळखी मुळाचा काढा आमच्या घरात बंद.

कुळथाची पिठी आमच्या रोजच्या जेवणातली. प्रथिन वनस्पतीचं, तंतू भरपूर, भातापेक्षा साखर हळू चढते. सुरुवातीच्या अवस्थेत ती मला मासळीच्या मोठ्या वाटणीपेक्षा बरी वाटते. पण रक्तातलं पोटॅशियम वाढलं असेल तर कुळीथ, शेवग्याच्या पाल्याची पूड आणि शहाळं तिन्हींना आवर घालावा लागतो. पेलाभर शहाळ्याच्या पाण्यात सुमारे 500 मिलिग्रॅम पोटॅशियम असतं. टेल्मिसार्टन, रामिप्रिल या रक्तदाबाच्या गोळ्या मूत्रपिंड वाचवतात, पण पोटॅशियम चढवतात. त्यामुळे शहाळं कुणाला चालेल हे रक्ताचा रिपोर्ट पाहूनच ठरतं.

कोकमाबद्दल जीव तुटतो, कारण आपल्या घरात रतांबे, म्हणजे कोकमाची फळं आहेत. पण अमृत कोकम हे सरबत म्हणजे साखरेचा पाक आणि आगळ, म्हणजे रतांब्यांचा खारवलेला रस, म्हणजे मीठ. दिवसाचं सगळं मीठ 5 ग्रॅमच्या आत राखायचं असेल तर खारट आगळाच्या सोलकढीने त्यातला मोठा वाटा संपतो. आम्ही या वर्षी रतांब्याचा थोडा रस मिठाविना काढून फ्रीझरमध्ये ठेवला. सोलकढीला चव थोडी सपाट येते, आई कुरकुरत नाही.

बिंबलं आणि करमळ (स्टार फ्रूट) यांना मात्र सरळ नकार. कोलेस्टेरॉल उतरावं म्हणून बिंबलांचा रस प्यायलेल्या दहा जणांचं मूत्रपिंड अचानक बंद पडल्याची नोंद केरळातून 2013 साली छापून आली. सात जणांना डायलिसिस लागलं. करमळात कॅरॅम्बॉक्सिन नावाचं विष असतं. निरोगी मूत्रपिंड ते बाहेर टाकतं, बिघडलेलं टाकू शकत नाही; न थांबणारी उचकी, भ्रम, झटके येतात, माणूस दगावतोही.

यातलं काहीही गोळ्यांच्या जागी येत नाही. मेथी सुरू करताना आईच्या डॉक्टरांना मी दाण्यांची मात्रा सांगितली. त्यांनी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) आणि पोटॅशियम तीन महिन्यांनी पुन्हा तपासायला लिहून दिलं. काकींना कारल्याची भाजी पाठवली. परसातलं बिंबलाचं झाड तोडलं नाही, फळं मात्र आता घरात येत नाहीत.