डेन्व्हरचं एईआरए अधिवेशन: राउंडटेबल मिळालं म्हणून नाराज होऊ नका

एप्रिल २०२५ ला अमेरिकेत डेन्व्हरला एईआरए या शिक्षण संशोधकांच्या संस्थेच्या अधिवेशनाला जाऊन आले तेव्हापासून इकडचे मित्रमैत्रिणी आणि गावाकडचे काही शिक्षक सारखं विचारतायत की एवढा खर्च करून जाण्यासारखं आहे का, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. माझं उत्तर हो असंच आहे, फक्त कशासाठी जायचं ते आधी ठरवून जा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, एईआरए म्हणजे अमेरिकन एज्युकेशनल रिसर्च असोसिएशन. १९१६ सालची संस्था, ऑफिस वॉशिंग्टन डीसीला, सभासद साधारण २५ हजार, आणि दरवर्षी एप्रिलच्या आसपास वेगवेगळ्या शहरात अधिवेशन. डेन्व्हरचं २३ ते २७ एप्रिल, पाच दिवस होतं. जागा कोलोरॅडो कन्व्हेन्शन सेंटर, ज्याच्या काचेला नाक लावून आत डोकावणारं ४० फुटी निळं अस्वल उभंय, भेटायचं ठरलं की सगळे तिथंच भेटतात. त्यावर्षी अध्यक्ष होत्या बर्कली विद्यापीठाच्या जानेल स्कॉट आणि विषय होता संशोधनातून शिक्षणातल्या अन्यायाची भरपाई आणि दुरुस्ती कशी करायची.

नवीन माणसाला पहिल्या दिवशी जत्रेत आल्यासारखं होतं. एकाच वेळी कितीतरी खोल्यांत सत्रं चालू असतात, अ‍ॅप उघडलं की यादी संपता संपत नाही. संस्थेचे १२ विभाग आहेत, ए पासून एल पर्यंत, आणि त्याशिवाय खास विषयांचे दीडशेच्या वर गट, कुणाचा गणित शिक्षणाचा, कुणाचा ग्रामीण शाळांचा. आपला एक विभाग आणि एक गट धरायचा आणि त्यांच्या सत्रांना आणि संध्याकाळच्या बैठकीला जायचं, एवढंच करा. मोठ्या नावांच्या भाषणांमागं धावलात तर दिवस रांगेत आणि जिन्यांवर जातो आणि माणसं भेटतच नाहीत.

आता राउंडटेबलचं सांगते, कारण खरं तर त्याच्यासाठीच हे लिहायला घेतलं. पेपर म्हणजे शोधनिबंध पाठवला की कुणाला पेपर सेशन मिळतं, कुणाला पोस्टर, कुणाला राउंडटेबल. राउंडटेबल आलं की लोकांचा चेहरा पडतो, काहीतरी दुय्यम मिळालं असं वाटतं. माझंही तसंच झालेलं. एका मोठ्या हॉलमधे गोल टेबलं मांडलेली, प्रत्येक टेबलावर तीन चार पेपरवाले, प्रोजेक्टर नाही, माईक नाही, शेजारच्या टेबलांचा गलका, आणि दीड तास. माझा विषय झेडपी शाळेतल्या दुसरी तिसरीच्या मुलांचं मराठी वाचन. मूल सुटी अक्षरं घडाघडा वाचतं, कमल, गवत असे बिनमात्रेचे, म्हणजे काना, वेलांटी काही नसलेले शब्दही वाचतं आणि ‘किती’ किंवा ‘पिशवी’ आलं की थांबतं, हे का होतं त्यावर. समोर बसलेल्या एका वयस्कर बाई, पूर्वी प्राथमिक शाळेत शिकवलेल्या, म्हणाल्या मला मात्रा म्हणजे काय ते कळलं नाही, दाखव. मी पेपर नॅपकिनवर क लिहिला, मग का, मग कि काढली. त्यांनी ‘कि’ वर बोट ठेवून विचारलं, म्हणजे ही खूण लिहायची आधी आणि बोलायची नंतर? मूल डावीकडून वाचत येतं तर त्याला आधी हीच दिसणार ना?

इतकी वर्षं मी वेलांट्या बघतेय, माझ्या आईनं चाळीस वर्षं बालवाडीत बाराखडी घोटून घेतली, पण हा प्रश्न इतक्या सरळ मला कुणी विचारला नव्हता. पुढचा पाऊण तास त्या टेबलावर सगळ्यांनी मिळून त्या नॅपकिनवरच काम केलं, पहिल्या वेलांटीच्या आणि दुसऱ्या वेलांटीच्या शब्दांत मुलं वेगळी अडखळतात का ते कसं तपासायचं, शब्द कसे निवडायचे, सगळं. पेपर सेशनमधे स्लाइड दाखवून आणि दोन प्रश्न घेऊन हे मिळालं नसतं.

त्याच टेबलावर एक संशोधक होत्या ज्यांचा प्रोजेक्ट फेब्रुवारीत एका ईमेलनं बंद झालेला. बातम्या वाचल्या असतील, फेब्रुवारी २०२५ मधे अमेरिकेच्या शिक्षण खात्याच्या संशोधन संस्थेची, आयईएसची, जवळपास ९० कोटी डॉलरची कंत्राटं रद्द केली, मार्चमधे खात्याचे जवळपास निम्मे कर्मचारी कमी करायचं जाहीर केलं आणि देशभरातल्या शाळांची आकडेवारी ठेवणाऱ्या एनसीईएसमधे शंभरेक माणसांऐवजी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच उरली. १८६७ पासून चालत आलेलं काम आहे हे. अधिवेशनाच्या काही दिवस आधीच एईआरएनं एसआरईई या दुसऱ्या संशोधक संघटनेबरोबर शिक्षण खात्याविरुद्ध कोर्टात दावा दाखल केलेला. त्यामुळं हॉलमधे, कॉफीच्या रांगेत, अस्वलापाशी, सगळीकडं हाच विषय. प्रोजेक्ट बंद झालेल्या त्या बाई म्हणाल्या की मुलांची चाचणी घेऊन झाली होती, निकाल काढायचे तेवढे राहिले होते. शाळांनी वर्ग दिले, शिक्षकांनी वेळ दिला, पोरांनी पेपर सोडवले आणि ते सगळं तसंच पडून राहणार. मला फार लागलं ते. आपल्याकडं ‘असर’ या शिक्षणाच्या पाहणीचे कार्यकर्ते २००५ पासून गावोगाव घरी जाऊन मुलांना अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट वाचायला देतात, त्यावरून आपण हक्कानं बोलतो की पाचवीच्या कितीतरी पोरांना दुसरीचं वाचता येत नाही. ती मोजणी कुणी थांबवली तर मी माझ्या पेपरचं पहिलं वाक्य तरी कशावर लिहिणार?

जाणाऱ्यांसाठी. बहुतेक चर्चा अमेरिकेतल्या शाळांची असते, तिकडचे कायदे, तिकडचे वांशिक प्रश्न, तेव्हा भारताविषयी फार सत्रं असतील ही अपेक्षा ठेवू नका, आपला विषय आपणच न्यायचा आणि परक्याला पाच मिनिटांत कळेल असा न्यायचा. राउंडटेबलला एक पानाचं हँडआउट दहा पंधरा प्रती छापून न्या आणि त्यावर देवनागरी नमुने मोठ्या अक्षरात ठेवा. विद्यार्थी असाल तर नोंदणी सवलतीत होते आणि लवकर केली तर अजून स्वस्त. पेपर मात्र जवळपास नऊ महिने आधी, जुलैच्या शेवटापर्यंत पाठवावा लागतो, त्यामुळं व्हिसाचा विचार तेव्हाच सुरू करा. २०२६ चं ठिकाण लॉस एंजेलिस, ८ ते १२ एप्रिल. डेन्व्हर समुद्रसपाटीपासून १६०० मीटरवर आहे, तिथं कधी गेलात तर पहिले दोन दिवस पाणी भरपूर प्या, माझं डोकं चांगलंच धरलेलं.

तो नॅपकिन मी घडी घालून पासपोर्टच्या कव्हरमधे आणला. परवा आईला दाखवला, तिनं चष्मा लावून बघितला आणि म्हणाली, कि ची वेलांटी फार लांब काढलीस.